परभणीत राहून गाड्यांवर लिहिता येईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय की नाही ते कळेल. तुम्ही परभणीत राहता, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, मराठीत गाड्यांवर लिहायची हौस आहे. पण नवी गाडी चालवून बघायची तर पुणं-मुंबई गाठावी लागते, कंपन्यांच्या आमंत्रणाच्या यादीत नाव असावं लागतं, आणि तोवर त्याच गाडीवर ढीगभर व्हिडिओ येऊन गेलेले असतात. दुसरं असं, की मी गाड्यांवर लिहिता लिहिता पाणचक्की, काळी माती, लोहाराची भट्टी असा कुठंही जातो ते तुम्हाला वाचायला आवडतं. पण स्वतः तसं लिहायला बसलात की लेख भरकटतो. तेव्हा विषय आणायचे कुठून, आणि भटकायचं तर किती? शिवाय विज्ञानाबरोबर संस्कृती कशी आणायची, आधी काय काय विकत घ्यायचं आणि पहिला विषय कुठला, हेही तुम्ही विचारलंय.

यातली गाडी मिळत नाही ही अडचण मला फारशी मोठी वाटत नाही. तुम्ही गाडीकडे बातमी म्हणून बघताय, खरी अडचण ती आहे. नव्या गाडीच्या रिव्ह्यूचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं. पुढचं मॉडेल आलं की तो कुणी उघडूनही बघत नाही. नोकरीत असताना मीही रिव्ह्यू भरपूर लिहिले आणि त्यात मजाही होती, नाही कशाला म्हणू. पण आज बाजारात कुणी ओळख काढून बोलतो तेव्हा त्यातल्या एकाही गाडीचं नाव घेत नाही. टायरच्या हवेवरचं कात्रण जपून ठेवल्याचं सांगतो, नाहीतर आमच्या गावच्या रस्त्याला लाटा का येतात ते तुम्ही लिहिलं होतं, असं म्हणतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. लिहिण्यावरच दोन वर्षांत घर चालवायचं असेल, तर माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही. पैसा आज नव्या गाड्यांच्या रिव्ह्यूत आणि तुलनेत आहे, आणि त्यासाठी मोठ्या शहरात राहणं सोयीचं पडतं. मला महिन्याचा पगार होता, माझं गाड्यांवरचं सदर त्याच्या आडोशाने चाललं. तुमची नोकरी किंवा घरचं वर्कशॉप असेल आणि लिहिणं संध्याकाळचं काम असेल, तर मराठवाड्यात राहणं हा उलट फायदा आहे. तो कसा, ते उदाहरणांनीच सांगतो.

माझी सुरुवात नेहमी तक्रारीपासून होते. ड्रायव्हर, मिस्त्री, शेतकरी रोज जी तक्रार तोंडाने बोलतो, ती. उदाहरणार्थ, ट्रॅक्टरची टाकी कोरडी होईपर्यंत चालवली. मग कॅन आणून डिझेल ओतलं, तरी इंजिन नुसतं घरघरतं, धरत नाही. मिस्त्री येतो, म्हणतो, "एअर धरलीय." फिल्टरजवळचा स्क्रू सैल करतो, हातपंप मारत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की स्क्रू आवळतो आणि इंजिन सुरू. हे आपल्याकडे शेतात कुणी पाहिलं नसेल असं नाही. लेख इथून सुरू केला तर पहिल्या ओळीपासून वाचक तुमच्या सोबत असतो.

आता विचारायचं, हवेनं बिघडवलं काय? द्रव दाबला तर जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. पंपाचा जोर डिझेल पुढं ढकलण्याऐवजी त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो. जुन्या ट्रॅक्टरचा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट. बुडबुडा मध्ये असेल तर तिथवर दाब चढतच नाही. मिस्त्रीला हे सूत्र कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याचा हात बरोबर तेच करत असतो.

इथून मी छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीकडे जातो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या शहरासाठी भूमिगत नहर खणली. तिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की अशाच पद्धतीने डोंगराकडून आणलेल्या पाण्यावर फिरायला लागली. पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर येतं, उंचावरून पात्यांवर आदळतं आणि वरचं जातं फिरतं. पंप नाही, इंजिन नाही. उगमाची आणि पोचायच्या जागेची उंची यातला फरक, एवढंच इंधन. पण नळ चढउतारावरून गेला की प्रत्येक उंचवट्यावर हवा साठते आणि पाणी अडतं. म्हणून वाटेत मनोरे उभारलेले आहेत. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडते आणि दाबही आवाक्यात राहतो. मिस्त्री जो स्क्रू सैल करतो त्याचं काम इथं विटा-चुन्याचा मनोरा करतो, तेही डिझेल इंजिन जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून.

इथंच थांबलो तर तो गंमतीशीर लेख झाला, उपयोगाचा नाही. म्हणून परत गाडीवर यायचं, आणि येताना काहीतरी घेऊन यायचं. मी ब्रेकवर येतो. ब्रेकच्या नळीत ऑइल असतं; तुम्ही पेडल दाबता तो दाब जसाच्या तसा चाकापर्यंत जातो, कारण द्रव आकसत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. आता कन्नडचा औट्रम घाट चाळीसगावच्या बाजूला उतरायला घ्या. पाच माणसं, वर कॅरिअरला सामान, गिअर न्यूट्रल किंवा टॉपमध्ये, आणि पाय सतत ब्रेकवर. चाकाची डिस्क तापते, तिला चिमटीत धरणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा तोच आकसणारा बुडबुडा. पेडल थेट तळाला जातं. "ब्रेक फेल झाला" म्हणून पेपरात जे येतं त्यातल्या काही घटनांमागे काहीही तुटलेलं नसतं, फक्त जुनं ऑइल उकळलेलं असतं. गाडी थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा लागतो, आणि मालक मिस्त्रीशी भांडतो की तू खोटं बोलतोस.

तेव्हा लेखाच्या शेवटी सांगायचं ते साधं: दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हा सल्ला मॅन्युअलमध्ये छापलेलाच असतो, कुणी पाळत नाही. पण ट्रॅक्टरपासून पाणचक्कीपर्यंत जाऊन आलेला वाचक तो पाळतो, कारण आता त्याला तो बुडबुडा डोळ्यांनी दिसलेला असतो. भटकण्याचं माझ्या लेखी समर्थन एवढंच आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या दाराशी आहे. परभणी जिल्ह्यातला कुठलाही जुना डांबरी रस्ता घ्या, खड्डे नसलेला. तरी गाडी त्यावर होडीसारखी वर-खाली होते. ठेकेदाराने पैसे खाल्ले, हे उत्तर तयार असतं. कधी ते खरंही असतं, पण खालच्या मातीचं काय? आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, आणि तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे थर पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या याच कारणानं. रस्त्याखालीही तीच माती असते. डांबराखालचा मधला पट्टा बराचसा कोरडा राहतो, कडा मात्र पावसाळ्यात भिजतात आणि उन्हाळ्यात सुकतात. सगळीकडे सारखं फुगणं-आकसणं होत नाही, म्हणून कडेला लांबच लांब चीर पडते आणि रस्ता लाटांसारखा होतो. उपाय आहेत: काळी माती काढून मुरूम भरणं, चुना मिसळून तिचा फुगायचा स्वभाव कमी करणं, आणि कडेचं पाणी वाहतं ठेवणं. शेवटचा सगळ्यात स्वस्त, आणि नेमका तोच होत नाही.

इथवर भूगोल झाला. आता गाडी. गाडीच्या बॉडीला स्प्रिंगवर झुलायची स्वतःची लय असते, बहुतेक कारची सेकंदाला एक-सव्वा हेलकाव्याच्या आसपास. समजा रस्त्याच्या लाटा पंधरा-पंधरा मीटरवर आहेत. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे सेकंदाला १.१ लाटा, बरोबर गाडीच्या लयीवर. प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते आणि गाडी नाचायला लागते. ४० वर याल तर सेकंदाला पाऊण लाट, नाच कमी. गाडीत माणसं आणि पोती भरली की तिची लय मंदावते, मग तीच गाडी ६० च्या आधीच झुलायला लागते. काळी-पिवळीचे ड्रायव्हर हे अनुभवानं जाणतात; कुठल्या पट्ट्यात किती स्पीड ठेवायचा ते त्यांना पाठ असतं, कारण विचारलं तर सांगता येत नाही.

हा लेख लिहायला नवी गाडी लागत नाही. टेप लागतो, मित्राची कोणतीही गाडी लागते आणि एक रिकामी सकाळ. लाटांचं अंतर मोजा, वेगवेगळ्या स्पीडला फेऱ्या मारा, मागच्या सीटवर बसलेल्याला नोंद करायला लावा. मग त्याच रस्त्यावर शॉकअप गेलेली गाडी न्या. चांगला शॉकअप हेलकावा एक-दोन झुल्यांत मारतो, गेलेला तो चालू ठेवतो. वाचकाला स्वतःच्या गाडीचे शॉकअप तपासायची घरच्या घरी पद्धत मिळाली, तुम्हाला जिल्ह्याच्या रस्त्यांवर बोलायचा अधिकार मिळाला. पुण्यातला लेखक हे लिहू शकणार नाही, कारण त्याच्या खाली ही माती नाही.

टायरच्या हवेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गणित एकच आहे आणि गैरसमज फार. परभणीत डिसेंबरची पहाट १० अंशांवर येते आणि मे महिन्याची दुपार ४३ वर जाते. मे महिन्यात, गाडी सावलीत थंड असताना, ३३ पीएसआय हवा भरून ठेवली आणि नंतर बघितलंच नाही, तर हिवाळ्यातल्या पहाटे तीच हवा २८ च्या आसपास दिसेल. टायर पंक्चर नाही, गळती नाही, फक्त हवा गार झाली. याच्या उलट उन्हाळ्यात लोक मुद्दाम हवा कमी ठेवतात, टायर फुटू नये म्हणून. हे घातक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, त्याच्या कडा जास्त वाकतात आणि वाकण्यातूनच उष्णता तयार होते. जालना किंवा संभाजीनगरहून समृद्धी महामार्गावर चढलात, १२० च्या मर्यादेपर्यंत स्पीड नेला, तासभर काँक्रीटवर न थांबता चाललात, की त्या कडा आतून भाजतात. कंपनीने सांगितली तेवढीच हवा, गाडी थंड असताना, आणि भार जास्त असेल तर जास्त भारासाठी सांगितलेली. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते बघायलाही वाचकाला सांगा: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर तरुण असतोच असं नाही.

तुम्ही विज्ञानाबरोबर संस्कृतीचंही विचारलंय. इथं लोक लगेच जुन्या काळात शिरतात आणि तिथंच रमतात. जुनं आणावं, जरूर आणावं, पण त्यानं आजच्या यंत्राचं काहीतरी उलगडलं पाहिजे.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आपल्या भागाचा उल्लेख आहे. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, असं त्यात लिहिलंय. वळणावळणाची वाट धरली तर दिवसाला वीसेक किलोमीटर पडतात, म्हणजे बैलाची चाल. मराठवाड्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी चाकांवरून समुद्रापर्यंत जात होता, हे वाचून छाती फुगते, ठीक आहे. पण मला त्यापुढचा प्रश्न जास्त आवडतो: ती गाडी रस्ता नसताना चालली कशी?

मोठं चाक खाचखळग्यात अडकत नाही, हे एक. दुसरं, बैलगाडीची दोन्ही चाकं कण्यावर आपापली सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, ते बिनतक्रार जातं. चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं, वळण लहान असो की मोठं. कागदावर दोन वर्तुळं काढा, लगेच पटेल. बैल गाडीला पुढून ओढतो, चाकांना फिरवत नाही, म्हणून हा प्रश्न तिथं येतच नाही. इंजिन आलं आणि चाकांना आतून फिरवायला लागलं, तेव्हा दोन चाकांना ताकद द्यायची पण वेगवेगळ्या वेगानं फिरू द्यायचं, ही अडचण आली. तिचं उत्तर म्हणजे डिफरन्शियल. संभाजीनगरजवळ आपल्या वाळूजला बनणाऱ्या तीनचाकी रिक्षेच्या मागच्या दोन चाकांमध्येही तो असतो. चिखलात एक चाक नुसतं गरगरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं, तेही याच डिफरन्शियलमुळे. आणि बैलगाडी त्याच चिखलातून निघून जाते. कॉलेजात मला डिफरन्शियल आकृतीवरून शिकवला होता. बैलगाडीपासून सुरुवात केली असती तर दहा मिनिटांत समजला असता.

धावेची, म्हणजे बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीची, गोष्ट तर गावागावात सांगायला माणसं सापडतील, अजून आहेत तोवर जाऊन भेटा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. साडेचार मीटर परिघाची धाव पाचशे अंशांनी तापली तर सुमारे २७ मिलिमीटरनं वाढते. थंड होताना तेवढीच आवळते आणि आऱ्यांचे सगळे सांधे करकचून धरते, एकही खिळा न मारता. इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे त्याच्या जड फिरत्या चाकावर, स्टार्टरसाठी दातेरी कडं बसवतात ते याच रीतीनं: कडं तापवायचं, बसवायचं, थंड होऊ द्यायचं. गावचा लोहार आणि इंजिनाच्या कारखान्यातला ऑपरेटर शेजारी बसले तर या एका कामाबद्दल त्यांना एकमेकांचं बोलणं पूर्ण कळेल.

पण संस्कृती आजचीही असते. ऑक्टोबर २०१० मध्ये संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, उद्योजक आणि व्यावसायिकांनी मिळून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली, आणि व्हावी हाच त्यातला एक हेतू होता. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या शहराकडे गुंतवणूकदारांनी मान वळवून बघावं. तेव्हा सगळ्यांनी किमतीचे आकडे छापले. मला वाटतं, खरा लेख अजून लिहायचाच आहे: त्या गाड्या आज कुठं आहेत? दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या असतील तर तो कोण, कुठल्या तालुक्यातला, त्याने ती का घेतली, सुटे भाग कुठून आणतो, आपल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं तेव्हा काय करतो? हे शोधायला कुठल्या कंपनीचं आमंत्रण लागत नाही. गॅरेजांत चहा पीत बसायची तयारी लागते.

आता भरकटण्याबद्दल. माझा नियम असा आहे की एका लेखाला एकच प्रश्न, आणि तो कागदाच्या वर लिहून ठेवायचा. बाहेरून जे काही आणाल त्याला विचारायचं, तुझ्यामुळे गाडीबद्दल काय नवं कळलं? उत्तर आलं तर आत, नाही तर वहीत. माझी वही जाडजूड आहे. लोणारच्या सरोवरावर तिच्यात पानंच्या पानं टिपणं आहेत. बेसॉल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं पावणेदोन किलोमीटरच्या आसपास व्यासाचं विवर, जगात दुर्मीळ, आणि आपल्या जालन्याच्या हद्दीला लागूनच. अनेकदा मोह झाला. पण गाडीशी त्याचा काडीचा संबंध लागत नाही. पार्किंगवर लिहिलं तरच. म्हणून ते वहीतच राहिलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. कुतूहल सगळं छापण्यासाठी नसतं, बरंचसं स्वतःसाठीच असतं.

दुसरा नियम, आकडा आला की गणित स्वतः हातानं करायचं आणि शक्य असेल तर वाचकासमोर करायचं. गॅरेजमध्ये ऐकलेलं निम्मं सोनं असतं आणि निम्मं, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, या जातीचं. कुठलं कुठलं ते फक्त मोजून कळतं. म्हणून तुम्ही विचारलंय त्या खरेदीच्या यादीत कॅमेरा मी शेवटी टाकेन. आधी हवा मोजायचा चांगला गेज, एक थर्मामीटर, लांब टेप आणि खिशात मावेल अशी वही.

पहिला विषय कुठला घ्यावा, असं शेवटी विचारलंत. माझं मत विचाराल तर ऊसाची ट्रॉली. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं चालतात, आणि कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. मागून येणाऱ्या कारचं गणित असं: ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असतील तरी थांबायला आणखी ३५. एकूण ६८ मीटर. डिपरवर, म्हणजे झोत खाली ठेवला असताना, हेडलाइटचा उपयोगी उजेड साधारण चाळीस ते साठ मीटर. म्हणजे ट्रॉली दिसेपर्यंत थांबायची वेळ निघून गेलेली असते, ड्रायव्हर कितीही तरबेज असो. ६० वर हाच हिशेब ४५ मीटरवर येतो.

हे मोजायला रात्री एखाद्या रिकाम्या मैदानात जा, सावलीसारखी काळी ताडपत्री टांगा, डिपरवर ती किती अंतरावरून दिसते ते टेपनं बघा. मग तिच्यावर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून पुन्हा बघा. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी बोला, ट्रॅक्टरवाल्याला विचारा पट्टी का लावत नाही. उत्तर बहुधा आळस नसेल, पट्टी एका खेपेत निघून जाते हे असेल, आणि मग ती कुठं लावली तर टिकते हा तुमचा पुढचा प्रयोग. लेख दसऱ्याच्या आत तयार ठेवा. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुरांडी पेटतात, त्यानंतर छापून त्याचा निम्मा उपयोग राहतो. तयार झाला की इथंच टाका, गणित मी तपासून देतो.